म्हणणं मांडा, पण उघड्यावर

व्यापारी किंवा कारखानदारांची एखादी संघटना मंत्रालयात गाऱ्हाणं घेऊन गेली की आपल्याकडे दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. पहिली आरोळीची: धनदांडग्यांनी सरकार विकत घेतलं. ती बहुधा पुराव्याशिवाय ठोकलेली असते, त्यामुळे दोन दिवसांत विरून जाते. दुसरी समंजस सुरातली असते आणि टिकते. उद्योजकांना व्यवहारातल्या अडचणी ठाऊक असतात, सचिवांना नसतात. त्यामुळे कराचा, शाळांचा किंवा पर्यावरणाचा कायदा करताना त्यांच्याशी बोलून घेतलं तर कायदा व्यवहार्य होतो. आणि नाहीच ऐकलं तर उद्योग शेजारच्या राज्यात जातील. चेंबरच्या वार्षिक सभांपासून वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांपर्यंत हा युक्तिवाद इतक्यांदा केला गेला आहे की आता कुणी तो तपासूनही पाहत नाही. तो तपासायची वेळ आली आहे. त्यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. दुसरं महाराष्ट्राच्या गेल्या दहा-बारा वर्षांच्या अनुभवाच्या कसोटीला उतरत नाही. आणि तिसरं वाक्य ही धमकी आहे, तिला युक्तिवाद म्हणता येणार नाही.

पहिल्या वाक्याला मान द्यायलाच हवा. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना १९२७ साली वालचंद हिराचंद यांनी केली. पुण्याची मराठा चेंबर १९३४ची. परक्या सरकारपुढे देशी धंद्याची बाजू मांडायला कुणीतरी हवं होतं आणि या संस्थांनी ते काम केलं. ते कसं केलं जायचं, हे आज विसरलं गेलं आहे. रुपयाचा विनिमय दर किती असावा हे ठरवण्यासाठी हिल्टन यंग आयोग नेमला गेला. १९२६ साली त्याचा अहवाल आला, तेव्हा दर एक शिलिंग सहा पेन्सवर बांधायला आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी विरोध केला. तो विरोध त्यांच्या नावानिशी, सहीनिशी, कारणांसह अहवालातच छापला गेला. त्याच आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचीही साक्ष झाली होती आणि तीही छापलेली आहे. शंभर वर्षांनंतर कुणीही दोघांचं म्हणणं शेजारी ठेवून वाचू शकतो: कोण कुणाच्या हिताचं बोललं, कोणत्या आधारावर बोललं, आयोगाने काय मानलं, काय नाकारलं. परकीय सत्तेच्या काळात एवढं उघड चालत होतं.

आता २०१३ कडे येऊ. जकात बंद करून स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आणायचं सरकारने ठरवलं. १ एप्रिल २०१३ पासून पुण्यासह काही मोठ्या महापालिकांत तो लागू झाला आणि व्यापाऱ्यांनी दुकानं बंद केली. त्या बंदमुळे ग्राहकांचे हाल झाले, पण व्यापाऱ्यांचं मूळ म्हणणं चुकीचं नव्हतं. विक्रीकर खात्याला एकदा हिशेब द्यायचा आणि तोच हिशेब पालिकेच्या निरीक्षकाला पुन्हा दाखवायचा, त्यात छाप्याची भीती वेगळी, हा जाच खराच होता. व्हॅटबरोबरच कर गोळा करा आणि पालिकांना त्यांचा वाटा द्या, असं ते म्हणत होते. हे सगळं त्यांनी रस्त्यावर म्हटलं. त्यांच्या नेत्यांची नावं रोज छापून येत होती, सरकारही रोज उत्तर देत होतं. कुणाला काय हवं आहे हे गल्लीतल्या गिऱ्हाइकालाही कळत होतं. अशा दबावाला माझी काही हरकत नाही. लोकशाहीत तो असणारच.

हरकत पुढच्या टप्प्याला आहे. १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना एलबीटी माफ झाला, म्हणजे जवळपास सगळेच व्यापारी सुटले. पालिकांची तूट राज्याच्या तिजोरीतून भरून द्यायचं ठरलं. मुंबईत जकात चालू होती, तीही १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली आणि पालिकांना भरपाई देण्यासाठी राज्याने वेगळा कायदा केला. आता ही रक्कम कुठून येते ते बघा. शहरात येणाऱ्या मालावर आणि माल आणणाऱ्यावर जो कर होता, त्याच्या जागी राज्याच्या सर्वसाधारण महसुलातली रक्कम आली. तो महसूल गडचिरोलीतल्या गिऱ्हाइकाने साबणाच्या वडीवर भरलेल्या करातूनही येतो. शिवाय महापालिकांचा स्वतःचा सर्वांत मोठा कर गेला आणि त्या महिन्याच्या महिन्याला अनुदानाची वाट पाहणाऱ्या संस्था झाल्या. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना जी स्वायत्तता देऊ केली होती, तिचा आर्थिक पायाच त्यात काढला गेला. हा बदल चूकच होता असं मी म्हणत नाही. जकात नाक्यावरच्या रांगा आणि चिरीमिरी कुणालाही नको होत्या. पण शहरात राहणाऱ्याच्या पाण्याचा आणि कचऱ्याचा पैसा यापुढे कुणाच्या मर्जीवर येणार, हे ठरवताना त्या रहिवाशाची बाजू मांडायला टेबलाच्या पलीकडे कोण बसलं होतं? व्यापाऱ्यांच्या संघटना होत्या. पालिकेचे अधिकारी होते. नागरिक नव्हता. त्याने यायचं कसं, हेच कुठे ठरलेलं नाही.

कराच्या बाबतीत निदान आंदोलन तरी झालं. शिक्षणाच्या बाबतीत तेवढंही झालं नाही, आणि म्हणून त्यावर जास्त बोलायला हवं.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळेनेही पहिलीच्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्या मुलांचा खर्च सरकारने ठरलेल्या दराने शाळेला द्यायचा. खाजगी शाळा याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १२ एप्रिल २०१२ ला न्यायालयाने, अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा वगळून, हे कलम कायम ठेवलं. म्हणजे शाळाचालकांना आपलं म्हणणं मांडायची सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत उघडी संधी मिळाली होती आणि तिथे ते हरले होते.

बारा वर्षांनी, ९ फेब्रुवारी २०२४ ला, महाराष्ट्र सरकारने एक अधिसूचना काढली. खाजगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेला २५ टक्के जागांचं बंधन नाही. मूळ कायद्याला हात लावलेला नव्हता. विधानसभेत चर्चा नव्हती. राज्याच्या नियमांत एक दुरुस्ती, एवढंच. पण ज्याला पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरची वस्ती ठाऊक आहे त्याला विचारा: शहरात अशी खाजगी शाळा कुठली, जिच्या एक किलोमीटरच्या आत पालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही? कलम तसंच राहिलं आणि त्याखालच्या शाळा निघून गेल्या.

त्याचं प्रत्यक्ष रूप त्या एप्रिलमध्ये दिसलं. प्रवेशाच्या पोर्टलवर सुमारे ७६ हजार शाळा आणि आठ लाखांहून जास्त जागा दिसायला लागल्या. आकडा बघून वाटावं, केवढी ही सोय! त्याआधीच्या वर्षी शाळा नऊ हजारांच्या आसपास आणि जागा लाखभर होत्या. मग एवढ्या जागा आल्या कुठून? जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळा यादीत घातल्या होत्या. ज्या शाळांत कुणाचंही मूल कोणत्याही अर्जाशिवाय, कोणत्याही सोडतीशिवाय, फुकट जाऊ शकतं. आमच्या भागात धुणीभांडी करणाऱ्या एक ताई मुलीचा अर्ज भरायला कोपऱ्यावरच्या ई-सेवा केंद्रात गेल्या होत्या. एक लाखाच्या आतलं उत्पन्नाचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, भाडेकरार, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. केंद्रातल्या मुलाने नकाशावर घराची खूण केली, यादी उघडली आणि म्हणाला, "ताई, ही तर तुमच्या मागचीच पालिकेची शाळा आहे. इथं तर असंही घेतील." त्यांना ज्या शाळेचं नाव हवं होतं ते यादीत नव्हतंच. त्यांनी अर्ज भरला नाही. त्यांच्यासारख्या किती जणी असतील ते आकड्यांवरून कळतं: आठ लाखांवर जागा असताना राज्यभरातून लाखभरही अर्ज आले नाहीत. ६ मे ला मुंबई उच्च न्यायालयाने अधिसूचनेला स्थगिती दिली, जुनी पद्धत परत आली, पुन्हा अर्ज मागवले, आणि तेव्हा दोन लाखांहून जास्त अर्ज आले. लोकांना काय हवं होतं याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर कुठल्या सर्वेक्षणाने दिलं असतं?

१९ जुलै २०२४ ला मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ती दुरुस्ती रद्द केली. मूळ कायद्याच्या आणि घटनेच्या विरोधात जाणारा नियम सरकारला करता येत नाही, असं सांगून. खाजगी शाळा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ९ ऑगस्टला तिथेही त्यांचं म्हणणं फेटाळलं गेलं.

ही दुरुस्ती शाळाचालकांच्या मागणीवरून केली असं सरकारने कधी म्हटलं नाही. मीही तसा आरोप करत नाही, कारण माझ्याकडे त्याचा कागद नाही. आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे की तो कागद कुणाकडेच नाही. ही कल्पना कुणी मांडली, कोणत्या बैठकीत मांडली, कोणाची निवेदनं फायलीत होती, वंचित मुलांच्या बाजूने कुणाला बोलावलं होतं का, याचा कुठेही पत्ता लागत नाही. दिसतं ते एवढंच की नियम वाचवायला न्यायालयात सरकारच्या बरोबर शाळाचालक उभे होते, आणि तो रद्द झाल्यावर दिल्लीला तेच गेले. व्यवहार्य कायद्यासाठी सल्लामसलत हवी म्हणता ना? मग ही कोणती सल्लामसलत, जिच्यातून आलेला नियम मूळ कायद्याशीच विसंगत ठरला आणि एक अख्खं प्रवेशवर्ष विस्कटून गेलं?

इथे शाळाचालकांच्या बाजूची एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सरकार त्यांचे पैसे देत नाही, हे खरं आहे. एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये असा दर होता, कोविडच्या काळात तो ८ हजारांवर आणला, आणि तोही वेळेवर मिळाला नाही. लहान गावात चार खोल्यांत इंग्रजी शाळा चालवणाऱ्याला ही थकबाकी खरोखर बुडवते. त्याने चिडावं, मोर्चा काढावा, कोर्टात जावं. पण थकबाकीवरचा उपाय म्हणजे थकबाकी देणं. मुलाचा हक्क काढून घेऊन सरकारने आपलं देणं मिटवायचं आणि शाळेने आपलं ओझं उतरवायचं, असा दोघांच्या सोयीचा तह तिसऱ्याच्या खर्चाने झाला. तो तिसरा सहा वर्षांचा आहे.

पर्यावरणाकडे वळताना हीच गोष्ट मनात ठेवावी लागते: खर्च कुणावर टाकला जातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, नाले तुंबले आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर सगळ्यांचं बोट गेलं. त्यातून पिशव्यांवरची बंधनं आली. मग २३ मार्च २०१८ ला राज्याने प्लास्टिक आणि थर्माकोलवर मोठी बंदी जाहीर केली. तीन महिन्यांची सवलत संपून ती २३ जूनला लागू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार दंड, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि तुरुंग. उत्पादक उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने स्थगिती दिली नाही. इथेही प्लास्टिकवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं: पर्याय तयार नव्हते, हजारो लहान कारखाने आणि त्यातले कामगार एका तारखेला अडचणीत येणार होते.

पण सूट कुणाला मिळाली ते पाहा. कारखान्यात वस्तू तयार होतानाच ज्या वेष्टनात बंद होते ते वेष्टन पहिल्या दिवसापासून बंदीबाहेर होतं. वेफर्सची, बिस्किटांची, शाम्पूची पुडी म्हणजे नाल्यात सर्वांत जास्त सापडणारी आणि भंगारवाला हातही न लावणारी वस्तू. तिच्यावर पुनर्चक्रणाची सूचना छापली की झालं. बंदी लागू झाल्यावर आठवड्याच्या आत किराणा दुकानदारांनाही माल बांधायला प्लास्टिकची मुभा मिळाली. पाण्याच्या बाटल्यांवर परतीची किंमत छापून त्या परत घ्यायच्या होत्या. रिकामी बाटली दुकानात देऊन पैसे परत मिळालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आणखी सवलती आल्या, त्यात ठरावीक जाडीवरच्या नॉन-वोव्हन पिशव्याही सुटल्या. दिसायला कापडी, हाताला कापडी, आणि असतात पॉलिप्रॉपिलीनच्या.

भाजीबाजारात मात्र बंदी शिल्लक राहिली. पालिकेचं पथक येतं तेव्हा कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेली बाई पातळ पिशव्यांचा गठ्ठा पोत्याखाली सरकवते. सापडली तर ५ हजार. तिची दिवसाची विक्री तेवढी नसते. तिची संघटना नाही, असली तरी तिला मंत्र्यांची वेळ मिळत नाही, आणि वेळ मिळाली तरी त्या दिवशी धंदा बुडतो. ज्यांचं म्हणणं ऐकून कायदा व्यवहार्य झाला त्यांच्यासाठी तो व्यवहार्य झाला. उरलेला कायदा तिच्या वाट्याला आला.

तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते आणि ती माझ्या मते या सगळ्या वादाचं मूळ आहे. मोठी घोषणा सभागृहात होते किंवा कायद्यात लिहिली जाते, आणि तिथे सगळ्यांचं लक्ष असतं. तिला वळण मिळतं ते नंतर, अधिसूचनेत, नियमात, शासन निर्णयात. तिथे आमदाराचंही लक्ष नसतं आणि पत्रकाराचंही नसतं. लक्ष असतं ते फक्त ज्याच्याकडे पगारी माणूस ठेवून राजपत्र रोज वाचून घ्यायची ऐपत आहे त्याचं. उद्योगांच्या संघटना तिथे हुशारीने काम करतात, यात त्यांचा दोष नाही. तो दरवाजा त्यांच्याचपुरता उघडा ठेवणाऱ्या व्यवस्थेचा दोष आहे.

आणि आता ती धमकी. उद्योग गुजरातला जातील. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तिकडे गेला तेव्हा महाराष्ट्रात किती गदारोळ झाला ते आठवा. तो तळेगावला यायचा होता. कुणी असं म्हटलं का, की मावळातल्या शाळांत २५ टक्के गरीब मुलं घ्यावी लागतात म्हणून गेला? की प्लास्टिकबंदीमुळे गेला? चर्चा होती ती सवलतींच्या पॅकेजची आणि दिल्लीच्या कलाची. आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने तो भागीदारीचा करारच सोडला. कारखाना कुठे टाकायचा हे जमीन, वीज, बंदर, कुशल माणसं आणि राजकारण यांवर ठरतं. कामगारांची मुलं चांगल्या शाळेत जातात म्हणून पळून जाणारा उद्योग मला माहीत नाही; असलाच तर तो गेलेला बरा.

यावर कुणी म्हणेल, सगळं उघड करायला लागलात तर कुणी मोकळेपणाने बोलणारच नाही. जगाचा अनुभव तसा नाही. २०१२ साली वॉलमार्टने भारतातल्या बाजारपेठेच्या प्रवेशासह इतर विषयांवर अमेरिकेत किती पैसा खर्च केला, हे उघड झालं आणि संसदेत गोंधळ झाला. मग न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमावी लागली. ती माहिती बाहेर आली कशी? अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे कंपनीला ती तिथे जाहीर करावीच लागते म्हणून. आपल्या कायद्यात असं बंधन नाही. २०१३ साली खासदार कालिकेश सिंह देव यांनी तसं खाजगी विधेयक लोकसभेत आणलं. बहुतेक खाजगी विधेयकांचं होतं तेच त्याचं झालं. केंद्राने २०१४ मध्ये धोरण म्हणून ठरवलं आहे की कायद्याचा किंवा नियमाचा मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, त्यामागची कारणं सांगावीत आणि आलेल्या हरकतींचा गोषवारा प्रसिद्ध करावा. तेही अनेकदा पाळलं जात नाही, पण निदान ते लिहिलेलं आहे.

महाराष्ट्राने एवढं तरी करावं. कर, शिक्षण, पर्यावरण या तीन खात्यांत नियमात बदल करायचा असेल तर मसुदा मराठीत, खात्याच्या संकेतस्थळावर, तीस दिवस. कोणत्या संघटनेचं निवेदन आलं, ते निवेदन जसंच्या तसं. मंत्री आणि सचिव त्या विषयावर कुणाला भेटले, त्याची तारखेनिशी यादी. सवलत दिली तर तिचा खर्च कुणावर पडणार, हे एका परिच्छेदात. यात गुपित राहावं असं काहीही नाही. संघटनांना आपल्या मागण्या योग्य वाटत असतील तर त्या छापून यायला त्यांनी उलट आनंदाने तयार व्हावं. पुरुषोत्तमदास ठाकुरदास तयार होते.

विधिमंडळात आलं की न्याय होतोच, असाही माझा भोळा समज नाही. खाजगी शाळांच्या शुल्कावरचा २०११ चा कायदा घ्या. नंतरच्या दुरुस्तीने शुल्कवाढीविरुद्ध दाद मागायला किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. एकट्या आईने तक्रार करायची सोय राहिली नाही. तीही शाळाचालकांच्या सोयीचीच दुरुस्ती होती. पण तिच्यावर सभागृहात कोण काय बोललं, ते कामकाजाच्या इतिवृत्तात मिळतं. पालक संघटनांना कुणाला जाब विचारायचा ते कळतं, आणि काही जणांनी तो विचारलाही. ९ फेब्रुवारीच्या अधिसूचनेबद्दल असा जाब विचारायचा तर विचारणार कुणाला? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे राज्याने केलेला प्रत्येक नियम विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. पुढच्या वेळी तो ठेवला जाईल तेव्हा आपल्या मतदारसंघाच्या आमदाराने तो वाचला का, एवढं तरी त्याला विचारायला आपण सुरुवात करू शकतो.